ताप कुनी आनला

त्या सकाळी आमच्या घरी पाच जनं हुतो. मी. आमचं मालक — ते खाटंवर बसून चा पीत हुते. माजा ल्योक बाळू. बाळूची बायको मंगल. आन पाचवी गावातली आशाताई, ती ताप बघायचं यंतर घिऊन अंगनात उभी हुती. त्यातलं मालक आता न्हाईत. राह्यलेल्या चौघांत खरं काय ते माज्या एकटीला ठावं हाय. आजपातूर कुनाला सांगितलं न्हाई. ल्योकाला न्हाई. देवाला बी न्हाई — देवाम्होरं हात जोडते तवा दुसरंच काय काय बोलते.

मी चौथी शिकल्याली बाई. लिवायला लई येळ लागतो. पन तोंडानं सांगाया गेले तर मधीच गप बशीन, मी मला वळखते. म्हनून लिवते.

आदी मिश्रीचं सांगते. तंबाखू तव्यावर काळी हुस्तवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी दाताला लावल्याबिगर मला सुदरायचं न्हाई. मंगल लगीन हून आली, तिला बी मीच सवय लावली. आमा दोघीत डबी येकच. तिचं बोट, माजं बोट. सासू-सुनेचं भांडान झालं तरी डबी येकच.

कोरोनाची दुसरी बारी हुती. बाळू नको नको म्हनत असताना मी बेलापूरला भाचीच्या लग्नाला जाऊन आले. तिसऱ्या दिशी अंग मोडून आलं. आन मिश्री तोंडात घातली, तर माती. वास न्हाई, झनका न्हाई. मालकांना म्हनले, मिश्री शिळी झाली वाटतं.

ते हसले. "मिश्री कदी शिळी झाल्याली ऐकली का? तुजं नाकच म्हातारं झालं, ठके."

फोन लावला की आदी ती बाई बोलायची — ताप, खोकला, वास जातो. सगळ्यांनी ऐकलं हुतं. मला कळलं हुतं. हे नीट वाचा. मला कळलं न्हाई असं न्हाई.

मग सांगितलं का न्हाई? शाळेत खाटा टाकल्या हुत्या. आमच्या वस्तीवरची येक म्हातारी तितं नेली, ती परत आलीच न्हाई. तिच्या पोरांना तोंड बघू दिलं न्हाई. मला वाटलं, मी बी अशीच जाईन, कुनी पानी पाजनार न्हाई. म्हनून गप राह्यले. भ्याले. दुसरं काय?

आन त्याच सकाळी आशाताई आली. घरोघर विचारत येत हुती. मला खोकला दाबवना. मी चुलीवर तवा ठिवला आन तंबाखू टाकली. मिश्री भाजाया लागली की घर थाऱ्यावर राहत न्हाई — मालकांना ठसका, बाळूला ठसका, मंगल पदर तोंडाला लावून भाईर पळाली. त्यात माजा खोकला कुनाला कळतोय? सगळ्यांच्या डोळ्यांतनं पानी. मी तव्यावर तोंड धरून बसलेली, आन मला कसला म्हंजी कसला वास न्हाई.

आशाताई अंगनातनंच वरडली, "अवो मावशी, काय मारता का आमाला? कुनाला ताप-बीप हाय का घरात?"

"न्हाई बाई," म्हनले. "धडधाकट हाय समदी."

ती शिंकत शिंकत गेली. लिवून घिऊन गेली — न्हाई म्हनून.

येवढ्यावर थांबलं असतं तरी... पन थांबलं न्हाई. दुपारी मंगल जवळ येऊन बसली. "आत्याबाई, ताजी भाजलीया ना? द्या की चिमूटभर." माजं बोट तवाच तोंडातनं निघाल्यालं. डबी माज्या मांडीवर. न्हाई म्हनले असते तर तिनं इचारलं असतं, का वो? मग मी डबी म्होरं केली. तिनं बोट घातलं. मी बघत हुते.

पाचव्या दिशी तिला ताप चढला. मी तवर गुमान गोळ्या खाऊन बरी झाल्ते. मग मालकांना आला. मालकांना दम लागला, राहुरीला नेलं, नगरला नेलं. नगरास्नं ते आले न्हाईत.

ज्याचं मला भ्या हुतं, ते त्यांच्या वाट्याला आलं.

ताप यायच्या आदी आठ दिस मंगल माहेरी जाऊन आल्ती, शिंगनापूरकडं. तिच्या आईचा हात मोडला हुता. झालं, माजा ताप कुनाला दिसलाच नव्हता, सगळी म्हनाया लागली, सुनंनं माहेराहून आनला. मी काय म्हनले न्हाई. नुसती गप राह्यले असते तरी माज्या पापाला हद्द राह्यली असती. पन दहाव्याला भावकी बसली हुती, मंगलची आई गळ्यात हात बांधून लांब उभी हुती, आन मी सगळ्यांदेखत बोलले — "माहेराची लई वढ ना तुला? माज्या कुकवावर आग घिऊन आलीस!"

तिची आई तशीच माघारी गेली. त्यानंतर ती आमच्या दारात आली न्हाई.

पुढं पाच-सा म्हैन्यांनी मंगल बसत चालली. भर उन्हात गोधडी घ्यायची. केसांचा पुंजकाच्या पुंजका फनीत यायचा. तोंड सुजल्यावानी, आवाज जाड. खुरपं घिऊन वाफ्यात बसली की बसल्या जागी डोळा लागायचा. मी काय म्हनले? म्हनले, सोंगं करती. मग गळा फुगल्याला दिसाया लागला तवा बाळूनं राहुरीला डाक्टरीनबाईकडं नेलं. मी बी संगं गेले.

रगात तपासलं. बाई म्हनली, थायरॉईड हाय. गळ्यात येक गाठ असती, सगळं अंग तिच्यावर चालतं. अंगातली जी फौज रोगाशी लढायची, ती चुकून त्या गाठीवरच उलाटली. आपलंच अंग आपल्याला खातंय म्हना की. बाळूनं इचारलं, कशानं? बाई म्हनली, घराण्यात असलं तर हुतं, बायांना जास्ती हुतं, काहींना मोठ्या तापानंतर बी हुतं — हिचं तापानंच झालं असं मी छातीठोक सांगनार न्हाई. मग कागदावर लिवता लिवता इचारलं, "ताप येऊन गेल्ता का?"

"व्हय," मंगल म्हनली. "मीच आनल्ता घरात. मामा बी माज्यामुळंच गेले."

सरळ म्हनली. रडली न्हाई. गाव सांगावं तसं सांगितलं. तिला ते खरं वाटतंय — कळलं का तुमाला? मी घातल्यालं तिच्या आत जाऊन बसलंय. मी शेजारी स्टुलावर हुते. तोंड उघडायला किती येळ लागतो? मी चपलेकडं बघत बसले.

आता रोज फाटं उठून ती उपाशीपोटी गोळी घेती. जन्मभर घ्यायची हाय. येकदा चुकली तर बाळू वरडला, तर म्हनली, "घेते, घेते. माजं भोग हाय ते." गोळीनं तिला फरक हाय, शेतात बी जाती. पन मालकांच्या फोटोम्होरं ती उभी राहत न्हाई. पुसायचा असला तर मान खाली घालून पुसती. मी बघते. रोज बघते. रातचं न्हाई, सपनात न्हाई — लख्ख उजेडात, मालक खाटंवर बसलेले दिसत्यात, हसत्यात, माज्या नाकाला नावं ठिवत्यात.

मिश्री सोडली मी. त्यानं काय हुतंय? काय न्हाई.

तापानं तिचा गळा बिघडला का न्हाई ते डाक्टरीन जाने. पन ताप कुनी आनला ते मी जानते. मी आनला. कळून लपवला, तिच्या बोटावर ठिवला, आन तिच्याच नावावर घातला.

हे ज्याच्या हातात पडंल त्यानं येवढं करावं. भावकीला बोलवा. मंगलच्या आईला मानानं आना, आदी तिला बसाया द्या. मग हे मोठ्यांदा वाचा, मंगलला ऐकू जाईल असं. मी जिती असंन तर मला बी तितंच बसवा, आन मधी उठू दिऊ नका.