शेकवाल्याची चिठ्ठी

माझ्या धाकट्या भावाला बाजारात कुणी नावानं ओळखत नाही. तो जुने गेमचे कन्सोल दुरुस्त करतो, तेही बोर्डाला गरम हवेचा शेक देऊन, म्हणून त्याचं नाव पडलं शेकवाला. ‘शेकवाले आहेत का?’ असं विचारत गिऱ्हाईक आलं की मी म्हणायची, ‘आहेत. कंबर दुखतेय की मशीन?’ लोक हसायचे. तो मात्र आत बसून हूं की चूं करत नसे. विनोद त्याला कळतो, पण दुकानात केलेला खपत नाही.

काउंटरवर मी बसायची, आत तो, मध्ये एक कळकट पडदा. नऊ वर्षं असं चाललं.

या जुन्या मशीनना जन्मजात दुखणं आहे. आतली मोठी चिप तापते, बंद केल्यावर निवते, आणि या तापण्या-निवण्यात तिच्याखालचे तिला बोर्डाशी जोडणारे खसखशीएवढे सोल्डरचे मणी तडकतात. मग एक दिवस लाल दिवा लागतो आणि स्क्रीन काळी ती काळीच. शेक दिला की ते मणी पुन्हा जुळतात, पण थोडेच दिवस. लोकही काही कमी नसतात. मशीन टीव्हीखालच्या कपाटात कोंबतात, दार लावतात, वर धूळ साचू देतात. एकानं तर ते टॉवेलात गुंडाळून चालू ठेवलं होतं, कारण घाम फुटला की ताप उतरतो, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. नवे गेम त्या मशीनला झेपत नाहीत, जुने गेम नव्या मशीनवर चालत नाहीत, आणि या सगळ्याचा राग निघायचा तो काउंटरवर. कंपनी काही समोर बसलेली नसते ना.

भाऊ आधी एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होता. तिथे असाच शेक देऊन मशीन ‘दुरुस्त’ म्हणून परत करायचे. हा शहाणा गिऱ्हाइकाला दारात गाठून सांगायचा, ‘महिना चालेल, फार तर चार महिने.’ तिसऱ्या वेळी साहेबानं ते ऐकलं आणि याला घरी पाठवलं. मला तेव्हा त्या साहेबाचा राग आला नाही, याचाच आला. अजूनही थोडा आहे.

स्वतःचं दुकान काढल्यावर तर त्याला रान मोकळं मिळालं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर तो हातानं लिहून चिठ्ठी चिकटवायचा : ‘तात्पुरतं. आधी नोंदी उतरवून घ्या.’ गेममध्ये आपण जे काही मिळवलेलं असतं ते आतल्या डिस्कवर असतं, आणि ती डिस्क त्या एकाच बोर्डाशी जखडलेली. बोर्ड मेला की डिस्क धडधाकट असूनही दुसऱ्या मशीनला तिच्यातलं अक्षर वाचता येत नाही. म्हणून मशीन जिवंत आहे तोवर सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं. एवढं साधं.

पण चिठ्ठी वाचली की गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं. समोरचा दुकानदार तोच शेक द्यायचा आणि वर ‘कायमस्वरूपी दुरुस्ती’ असा चकचकीत स्टिकर लावायचा. त्याच्याकडे रांग, आमच्याकडे मी आणि माशा. शेवटी मी मशीन पिशवीत घालताना चिठ्ठ्या हळूच काढायला लागले. विचारलंच कुणी, तर सांगायची, ‘काही होत नाही, बिनधास्त वापरा.’ गिऱ्हाइकं वाढली. भावाला वाटलं, लोकांना खरं बोलणं आवडायला लागलं. मी त्याला तसं वाटू दिलं.

अशात एक क्रेनवाला आला. अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात गेला होता, तो आता जरा परतत होता. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बटणं दाबायला सांगितलेली, म्हणून तो रोज सकाळी गाड्यांच्या एका जुन्या गेममध्ये एकाच रस्त्यावर एक फेरी मारायचा. गेम प्रत्येक फेरीची वेळ तारखेसकट जपून ठेवायचा. सुरुवातीला चार मिनिटं चाळीस सेकंद लागले होते, सात महिन्यांनी तीनच्या आत आला होता. आजारापूर्वीची वेळ होती दोन मिनिटं एकतीस. तिथे पोचलो की कामावरच्या साहेबांसमोर या सगळ्या नोंदी ठेवून क्रेन परत मागणार, असं त्यानं मला सांगितलं. डावा हात उजव्यावर ठेवून सांगत होता.

“तोवर टिकेल ना, ताई?”

“टिकेल हो. काळजीच सोडा.”

चिठ्ठी तेव्हा माझ्या मुठीत होती.

एकोणिसाव्या दिवशी तो मशीन घेऊन परत आला. आवाज चढवला नाही. भावानं बोर्ड पुन्हा शेकला, मग आणखी एकदा, आणि मग एका वेळी दोनदाच, हा स्वतःचा नियम मोडून तिसऱ्यांदा. चिप कायमची गेली. तो पडद्याबाहेर आला आणि म्हणाला, “दुसरं जुनं मशीन मी तुम्हाला देतो, गेम त्यावर चालेल. नोंदी तुम्ही उतरवून घेतल्याच असतील.”

“कसल्या उतरवून?” क्रेनवाल्यानं विचारलं.

“चिठ्ठीवर लिहिलं होतं.”

“चिठ्ठी नव्हती.”

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. क्रेनवाल्याचंही लक्ष माझ्याकडे गेलं. “ताई, हे असं जाऊ शकतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

हो म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, “नाही.”

भावानं मला खोटं पाडलं नाही. “चूक माझ्या दुकानाची आहे,” म्हणाला आणि आतून दुसरं मशीन आणून त्याच्यापुढे ठेवलं. क्रेनवाला ते घेईना. “सात महिने कुठून आणू?” एवढंच म्हणाला आणि मेलेलं मशीन डाव्या काखेत मारून गेला. कामावर परत गेला की नाही, कोण जाणे. विचारायला जायचं मला धाडस झालं नाही.

“उद्यापासून येऊ नकोस,” भाऊ म्हणाला. नऊ वर्षं मी त्याचं दुकान सांभाळलं, आणि एवढं एक वाक्य. मला त्याचा संताप आला. मी चुकले हे मला मान्य आहे, तरीही आला. आता कुणी आलं की तो हातातलं काम टाकून स्वतः बाहेर येतो, अर्धी गिऱ्हाइकं घालवतो आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं चिकटवतो, असं ऐकते.

बोलणं टाकलेलं नाही त्यानं. गेल्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन त्याचाच.

“नीट दिसतंय का?”

“अगदी छान दिसतंय,” मी म्हणाले. आणि खरंच दिसत होतं. समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याच्या चष्म्यावरची धूळसुद्धा दिसत होती.

भाऊ म्हणाला, “भावजींकडे दे जरा फोन. त्यांना विचारतो.”