तानाजीला कायम व्हायचंय

तुम्ही आमची युनियन विकली नाहीत. विकायचं म्हटलं तरी घासाघीस करावी लागते. तुम्ही ती आहेरात देऊन टाकलीत! तुम्ही म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही. ज्याला लागेल त्याला लागेल.

कारखान्यामागं बगॅसचा, पिळलेल्या उसाच्या चोथ्याचा, ढीग वाढत जावा, तसे आमच्याकडं असले किस्से साठतात. हसून हसून पोट दुखतं. मग नुसतंच दुखतं.

मी बीएस्सी होऊन सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या एका साखर कारखान्यात लॅबला लागलो. तिथं पहिली ओळख झाली तानाजीची. नऊ गाळप हंगाम काम केलेला माणूस, तरी हंगामीच. गाळप संपलं की घरी!

"लगीन अडलंय गड्या," तो म्हणाला. "पोरीकडची मान्सं आधी इचारत्यात, कायम हाय का? नाव मागनं इचारत्यात!"

मी म्हटलं, "मग युनियन कशाला आहे?"

तानाजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नवा हायस."

* * *

युनियनचे अध्यक्ष आण्णा. चेअरमनसाहेबांच्या पॅनेलचा प्रचारही तेच करतात. तरी व्यवस्थापनाशी वाटाघाटी होत्या त्या दिवशी मला वाटलं, आज काहीतरी होणार.

लांब टेबल. एका बाजूला व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूला आम्ही. आण्णा आले आणि सवयीनं एमडींच्या शेजारी जाऊन बसले. एमडी हळूच म्हणाले, "आण्णा, आज तुम्ही तिकडं!"

* * *

निवडणुकीत चेअरमनसाहेबांची सांगलीत सभा होती. युनियननं कामगारांच्या गाड्या भरून नेल्या. तानाजी मात्र इमानानं ड्यूटीवर गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर मस्टरवर गैरहजर!

आम्ही टाइमकीपरला जाब विचारला, तर तो तानाजीवरच भडकला. "हजेरी सभेत घेतली! तू कामावर व्हतास, मग हजर कसा?"

मी लेखी तक्रार केली. ती द्यायची युनियनच्या सेक्रेटरीकडं. सेक्रेटरी कोण? टाइमकीपर!

* * *

शेवटी मागणीपत्र मीच लिहिलं. एकच ओळ: 'हंगामी कामगारांना कायम करावे.'

आण्णांनी ते टायपिंगला पाठवलं. कुठं? व्यवस्थापनाच्याच ऑफिसात, कारण युनियनकडं कॉम्प्युटर नाही! परत आलं तेव्हा एक शब्द जास्त पडला होता: 'हंगामी कामगारांना कायम हंगामी करावे.'

मी धावत गेलो. "आण्णा, अर्थच बदलला की!"

आण्णांनी सही ठोकली. "कायम आलंय न्हवं त्यात? मग गप की रं!"

मागणी त्याच दिवशी मान्य झाली. एक अक्षरही न कापता! गेटवर हलगी कडाडली, गुलाल उधळला, आण्णांना खांद्यावर घेतलं. घोषणा देणाऱ्यांत हंगामी कामगारच पुढं होते. माझ्याही कपाळाला कुणीतरी गुलाल फासला.

* * *

तानाजीला त्याच शब्दांत ऑर्डर मिळाली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो मला बरोबर घेऊन वडूजला गेला, मुलगी बघायला.

मुलगी नर्सिंग झालेली. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, तशी तानाजीची मान खाली गेली ती वर येईना. तिनं मात्र त्याला नीट बघून घेतलं, आणि आत जाताना हसली. मला वाटलं, जमलं!

मुलीचे मामा सैन्यातून रिटायर झालेले सुभेदार. त्यांनी नाव विचारायच्या आधीच विचारलं, "नोकरी कायम हाय का?"

"व्हय," म्हणत तानाजीनं ऑर्डर पुढं केली. "त्यात लिवलंयच की."

मामांनी चष्मा लावला. ओळीवर बोट फिरवत वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि तानाजीच्या हातात ठेवली.

"कागद चांगला हाय, पाव्हणं. फकस्त ह्यातला एक शब्द खोडून आणा."