तापलेली कॉइल

अन्याय प्रज्ञावर झाला. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकल परीक्षेच्या दुपारी, आमच्या कल्याणच्या कॉलेजात. काल ठाण्यात खोपटला मोटार वायंडिंगच्या दुकानातून जळक्या वार्निशचा वास आला आणि मी मनाने थेट त्या लॅबमध्ये जाऊन पोचलो.

सर्किटमधल्या अनोळखी कॉइलचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, इंडक्टन्स मोजून काढायचं होतं. कॉइल दरवर्षी तीच, सीनियरकडून मिळालेलं उत्तर आम्हाला पाठ होतं, त्यामुळे सगळ्यांनी उलटा हिशोब करून रीडिंग्ज रचली. प्रज्ञाने मात्र खरंच मोजलं. तिचं उत्तर निम्मंच येत होतं, आणि कॉइल बारीक गुणगुणत होती.

“अगं शहाणे, पाठ आहे ते लिही, सुटशील,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“सर, हात लावून बघा, तापलीये. आत शॉर्ट असणार. सप्लाय बंद करा,” प्रज्ञा म्हणाली.

“मला शिकवतेस? नापास!” सर म्हणाले. “नेक्स्ट!”

पुढची मुलगी त्याच टेबलापाशी बसली. जळक्या वार्निशचा तो वास मला तेव्हा नेहमीचा लॅबचा वाटला. मग धूर आला, आणि त्या मुलीची किंकाळी. तिची बोटं भाजली होती.

प्रज्ञाचा निकाल बदलला नाही. ते पाठ उत्तर पोरं आजही एकमेकांना देतात.

तुमचा आकडा जुळत नसेल, तर आकडा बदलू नका. आधी स्विच बंद करा.