फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था

हॉटेलच्या पायरीशी आलो की भाऊ उजवा हात मागे करून आम्हाला थांबवायचे. चौकातला पोलिस गाड्या थांबवतो, तसं. "थांबा, मी बघून येतो." आम्ही सगळे पायरीवर. पोरांची ढकलाढकली चाललेली, आतून फोडणीचा वास येतोय, आणि भाऊ गायब. मिनिटभरात परत यायचे आणि एवढ्या मोठ्याने ओरडायचे की गल्ल्यावरचा माणूस दचकायचा.

"आहे! या!"

काय आहे, हे आम्ही बरेच दिवस विचारलंच नाही. मला वाटायचं, स्वच्छता बघत असतील. आमच्या यांना वाटायचं, भाव बघतात.

भाऊंचा आवाज मोठा असण्याला कारण होतं. त्यांचं उभं आयुष्य जळगावच्या डाळ मिलमध्ये गेलं. तिथे चाळण्या आणि मोटारी सुरू असताना हळू बोलून भागत नाही. मिलमधून सुटल्यावरही त्यांचा आवाज खाली यायचा नाही. आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, तिथे ते राहायचे. एकटेच. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी एकदा त्यांना सरळच विचारलं, "का रे भाऊ, कुणी आडवं आलं का?"

"नाही अक्का. जमलं नाही, आणि मग विषयच निघाला नाही," भाऊ म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले, "वहिनी, एक नवीन निघालंय!"

हे त्यांचं आवडतं वाक्य. सुट्ट्या जवळ आल्या की हमखास यायचं. तुम्ही म्हणाल, जळगावात नवीन ते काय निघणार? आम्हीही तेच म्हणायचो. ऊन, केळी आणि सोन्याची दुकानं, की संपलं गाव. पण भाऊंना सापडायचं. कुठे चाळीस प्रकारचं आइस्क्रीम, कुठे हायवेवर राजस्थानी झोपड्या बांधलेला ढाबा, कुठे हिवाळ्यात मळ्यातच वांगी भाजून भरीत-पुरी देणारं कोणी. एका हॉटेलच्या अंगणात तर सिमेंटचा जिराफ होता. त्याची मान रंगवणाऱ्याकडचा रंग मध्येच संपला असावा, कारण वरचा अर्धा जिराफ हिरवा होता. मुलांना तो एवढा आवडला की जेवण कसं होतं ते कुणालाच आठवत नाही.

आमची कामाची वाटणी ठरलेली. जागा शोधायची भाऊंनी, बाकी बघायचं मी. मला यादी केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. कोण कोणाच्या गाडीवर, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, उलटीच्या पिशव्या, धाकटीचं औषध. आमच्या घरचे पाच आणि समोरच्या शबानाभाभी, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं. भाभींचे मिस्टर सोफ्यांना कव्हर चढवायचं काम करायचे. हॉटेलात बसल्याबरोबर ते खुर्चीची गादी दाबून बघायचे आणि म्हणायचे, "भूसा भरा है." भाऊ या सगळ्यांच्या मध्ये बसायचे. टोकाला कधी नाही.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोनगीरचा किल्ला बघायला गेलो. भाऊ त्याच बाजूचे. चढताना मुलांनी नाकी नऊ आणले, पण वर वारा होता आणि खाली सगळा मुलूख दिसत होता. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं गाव दाखवा की."

त्यांनी हात लांब केला. "ते काय, त्या झाडांच्या मागे. भावाचं घर शे तिथे."

"मग जाऊ या. चहा तर पिऊ."

"नको वहिनी. ते घर भरलेलं आहे," भाऊ म्हणाले, आणि आम्हाला घाईघाईने खाली उतरवून हायवेवरच्या एका हॉटेलात घेऊन गेले. तिथेही हात मागे, तिथेही "थांबा."

त्या दिवशी मी थांबले नाही. मुलीला बाथरूमला न्यायचं होतं म्हणून मागोमाग आत शिरले, आणि भाऊ काय बघतात ते मला ऐकू आलं. ते वेटरला विचारत होते, "फॅमिली सेक्शन आहे ना?"

आमच्याकडची हॉटेलं तुम्ही पाहिली असतील. पुढे मोठा हॉल. ट्रकवाले, विक्रेते, कामगार, ओली टेबलं, मोठ्याने चाललेला टीव्ही. आणि मागे प्लायवूडच्या भिंतीआड किंवा काळ्या काचेआड दुसरी खोली. तिथे कूलर, लाल खुर्च्या, प्लास्टिकची फुलं. दारावर पाटी, 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. एकट्या पुरुषाला तिथे बसू देत नाहीत. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. बाईमाणसाला चार घास निवांत खाता येतात ते त्याच खोलीत. पण तो नियम दाराच्या दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

तोवर बाकीचेही मागोमाग आत आले. तो वेटर जरा चिकित्सक निघाला. त्याने माझं कुंकू बघितलं, भाभींचा बुरखा बघितला, आमच्या सासूबाई बघितल्या. "काका, ही सगळी एकच फॅमिली?"

भाऊंचा आवाज मिलमधल्यासारखा चढला. "बठ्ठी एकच फॅमिली शे! काय म्हणणं तुझं?"

बाहेरच्या हॉलमधल्या लोकांनी माना वळवल्या. भाभींना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "हां भैया, एकच. ये मेरी जेठानी," आणि माझा हात धरून सरळ आत गेल्या. तेव्हापासून कॉलनीत त्या मला जेठानीच, म्हणजे थोरली जाऊच, म्हणायला लागल्या. भाऊ त्या दिवशी दोन वाट्या शेवभाजी जास्त जेवले.

पुढे एकदा मिल दुरुस्तीसाठी बंद होती. आमच्या ऑफिसला सुट्टी नव्हती आणि मी कामासाठी एका मॅडमबरोबर धुळ्याला गेले होते. काम आटोपल्यावर दुपारी आम्ही बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात फॅमिली सेक्शनला बसलो. ताट येईपर्यंत प्लायवूडपलीकडून आवाज आला. तो आवाज ओळखायला चेहरा लागत नाही.

"सहा जण. फॅमिली."

"कुठे आहेत, काका?"

"मागून येताहेत. गाडी लावताहेत."

भाऊ आत आले. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. आमच्याकडे पाठ करून सहा खुर्च्यांच्या टेबलावर मधल्या खुर्चीत बसले. वेटरने सहा ग्लास पाणी आणून ठेवलं. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर एक तान्हं मूल रडत होतं, त्याच्या आजीने त्याच्या हातात चमचा दिला. भाऊ ते बघत बसले. मग दुसरं बाळ खेळवत असलेल्या एका बाईला म्हणाले, "कूलरच्या समोर नका धरू, सर्दी होईल." ती बाई हसली. भाऊही हसले. एखाद्या लग्नघरात बसावं तसे बसले होते.

थोड्या वेळाने वेटर परत आला. दाराशी एक कुटुंब ताटकळत उभं होतं. "काका, कधी येणार तुमचे लोक? गिऱ्हाईक उभं आहे."

"आलेच."

"मघाशीही आलेच म्हणालात. एकटे असाल तर बाहेर बसा ना. तिकडेही हेच जेवण आहे."

भाऊंनी खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. तो वाजलाही नव्हता आणि त्यांनी नंबरही दाबला नव्हता. "हां, कुठे आहात?" ते म्हणाले.

मी मॅडमना म्हटलं, "चला." आम्ही उठलो, त्यांच्या टेबलाशी गेलो, मी खुर्ची ओढली. "भाऊ, गाडी लावायला जागाच मिळेना. तुम्ही सांगितलं का काही?"

भाऊंनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला शेजारी बसूनही नीट ऐकू आला नाही. "बसा वहिनी. सांगतो."

मॅडम शहाण्या होत्या. त्यांनी केळीच्या भावाचा विषय काढला. आम्ही तिघं जेवलो. निघताना मी भाऊंना आमच्या ऑफिसच्या जीपमधून जळगावला चला म्हटलं, तर म्हणाले, "नको, मला इथे थोडं काम आहे." काम काय असणार, मला माहीत होतं. मी आग्रह केला नाही.

मी केलं ते बरंच केलं, असं मला आजही वाटतं. पण त्यानंतर नवीन काही निघेना. गावात तर दर महिन्याला एक हॉटेल उघडत होतं. भाऊ गच्चीवरून हात करायचे, मिलला जायचे, यायचे. उन्हाळ्याची सुट्टी कोरडी गेली, गणपती गेले, दिवाळी आली. भाभी म्हणाल्या, "जेठानी, भाऊ रूठ गए क्या? एक भी हॉटेल नहीं दिखाया इस बार."

मग मीच बेत आखला. नवीन उघडलेलं ठिकाण शोधलं, आधी फोन करून जागा राखून ठेवली, यादी केली, आणि जिना चढून भाऊंना सांगायला गेले.

"तुम्ही जाऊन या वहिनी. माझं पोट बरं नाही."

"मग पुढच्या रविवारी जाऊ."

"पुढच्या रविवारीही बरं नसेल," भाऊ म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

आम्ही गेलो. हॉटेल चांगलं होतं. पण पायरीशी आल्यावर सगळे आपोआप थांबले, पोरंसुद्धा. कुणी तरी आत जाऊन येईल म्हणून आम्ही उभे राहिलो. शेवटी गल्ल्यावरचा माणूसच म्हणाला, "या ना, आत या."

दिवस जायचे तसे गेले. आमचा मुलगा पुण्याला गेला. सासूबाई गेल्या. भाभींनी मेहरूण तलावाकडे स्वतःचं घर घेतलं. मिलमध्ये डाळ निवडणारं नवीन यंत्र आलं आणि भाऊंना घरी बसायला सांगितलं. भावाच्या मुलाने त्यांना गावी बोलावलं. आता ते तिकडेच असतात. अंगणात, गोठ्याच्या बाजूला, त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधली आहे. फोन केला की सांगतात, "सगळं छान आहे वहिनी. ताट खोलीतच आणून देतात." आवाज अजून मोठाच आहे. पण बोलायला फार काही नसतं. मी विचारते पाऊस कसा आहे, ते सांगतात, आणि मग दोघंही फोन कोण ठेवतं याची वाट बघत राहतो.

ते जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना जेवायला नेलं होतं. जिराफवालं हॉटेल ठरवलं, कारण ते सगळ्यांना जवळ होतं. आम्ही चौघं, भाभींकडचे चौघं आणि भाऊ. यावेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. ऐन वेळी यांना ऑफिसने थांबवून घेतलं. मुलाची गाडी पुण्याहून सुटलीच नाही, मुलीला ताप भरला. भाभींच्या मिस्टरांना कुणाच्या तरी लग्नाच्या गाद्या पुऱ्या करायच्या होत्या, त्या एकट्या कशा येणार. भाऊंची बस दुसऱ्या दिवशी सकाळची. बेत पुढे ढकलायला दिवसच नव्हता. मी स्कूटर काढली आणि गेले.

भाऊ जिराफाजवळ उभे होते. माझ्या मागे त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"कोणाचंच जमलं नाही, भाऊ."

"असू द्या. संध्याकाळची वेळ, कामं असतात लोकांना."

"चला, आत बसू."

ते फॅमिली सेक्शनच्या काचेकडे बघत म्हणाले, "नको वहिनी. आपण दोघंच आत बसलेलो बरं दिसणार नाही. मी उद्या जाईन. तुम्हाला याच गावात राहायचं आहे." मग म्हणाले, "बाहेर चालेल का तुम्हाला?"

मी आयुष्यात कधी बाहेरच्या हॉलमध्ये बसले नव्हते. चालेल म्हटलं. आम्ही हॉलमध्ये शिरलो तर चार-पाच माणसांनी भाऊंना मान हलवली. एक वयस्कर वेटर टेबल पुसता पुसता म्हणाला, "आज लवकर, भाऊ?" आणि मला बघून फडकं खांद्यावर टाकून आत गेला.

"तुम्ही इथे नेहमी येता?" मी विचारलं.

"रोज. हे उघडलं तेव्हापासून. खोलीवर एकट्यापुरता स्वयंपाक कोण करतो?"

"मग आम्हाला नवीन निघालंय म्हणून घेऊन आलात ते?"

"आतलं नवीन होतं ना, वहिनी," भाऊ म्हणाले. "आत मी तेव्हाच पहिल्यांदा गेलो."

ते मला कोपऱ्यातल्या त्यांच्या टेबलाशी घेऊन गेले. हात धुवायच्या बेसिनला लागून, भिंतीकडे तोंड करून एक खुर्ची होती. समोरच्या खुर्चीवर धुतलेल्या स्टीलच्या ताटांची उंच चळत ठेवली होती. रोजच तिथे ठेवत असावेत. भाऊंनी ती चळत दोन्ही हातांनी उचलली. ठेवायला जागा शोधली. टेबल लहान होतं, खाली फरशी ओली होती, वेटर आत गेलेला.

"बसा ना, वहिनी," ते म्हणाले.

मी बसले. भाऊ ताटं छातीशी धरून उभे राहिले.