एन्येची ओळ

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ओतिलिया अब्रेगू चौथ्या फाइलीवर होती. माते या कडू चहाचा पेला दोनदा भरून झाला होता. साल्ता शहरातल्या तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर दोन संगणक होते. एकावर ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा गाभा जसा आला तसा, दुसऱ्यावर तिने साफ केलेला.

टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं ती हेच करत होती. हा गाभा माणसांनी लिहिलेला असतो. कुणीही तो वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. पण मध्येच एखादी कंपनी नुसत्या आकड्यांची लांबलचक रांग घालून देते. ते आकडे काय करतात ते कंपनीलाच ठाऊक, आणि बदलायची सोय नाही. ओतिलिया त्यांना बंद डबे म्हणायची. डबे हुडकायचे, काढायचे आणि उरलेला गाभा लोकांना द्यायचा. "म्हणजे फुकटातलं का?" असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं: "फुकट नव्हे, मुक्त."

हुडकण्यासाठी तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सलग शंभर आकडे दिसले की तो फाइलीवर खूण करी आणि मग ती स्वतः बघून ठरवी. मागच्या महिन्यात तिने ती मर्यादा शंभरावरून साठावर आणली. खुणा चारशेच्या वर गेल्या. शेवटच्या तीस फाइलींतले आकडे तिने फारसं न बघता काढून टाकले.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. वस्तीतल्या लोकवाचनालयाची ग्रंथपाल इर्मा बोलत होती.

"ओतिलियाबाई, काल संध्याकाळी तुमची नवी आवृत्ती चढवली. सगळं चालतंय, फक्त सेफेरिनोचं खोकं मुकं झालंय. फोन त्याच्याकडेच देते."

सेफेरिनो मामानी एकसष्ट वर्षांचा, जन्मांध. वाचनालयाच्या मागच्या खोलीत वस्तीचं रेडिओ केंद्र होतं आणि सकाळी आठचं बातमीपत्र तो वाचायचा. वाचायचा म्हणजे, संगणकाला जोडलेलं एक जुनं बोलकं खोकं कानात वाक्य सांगे आणि अर्ध्या वाक्याच्या अंतराने तो ते हवेवर म्हणे. ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नसे.

"आज काय केलंस?" ओतिलियाने विचारलं.

"काय करणार? ऊन आहे म्हणालो. चेहऱ्यावर पडलं होतं, तेवढी बातमी खात्रीची. मग इर्माने गाणी लावली."

ओतिलियाने यादी काढली. खोकं चालवणाऱ्या फाइलीतला आकड्यांचा तक्ता त्या तीस फाइलींत होता.

"मीच काढलाय," ती म्हणाली.

"मग परत घाल."

"बंद डबा असेल तर नाही घालता येणार."

"मागच्या महिन्यापर्यंत होता की."

"तेव्हाही डबाच असेल. मला दिसला नसेल."

"वा. म्हणजे मी नऊ वर्षं पापात होतो, आणि तू पाद्री."

ती हसली नाही. सेफेरिनोचा आवाज खाली आला. "ओती, केंद्राच्या समितीतल्या दोघांना कधीपासून डोळस निवेदक हवाय. आज गाणी लागली, चालून गेलं. उद्याही लागली, तर परवा माझी खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी."

तिने अकरापर्यंत तो तक्ता पाहिला. ब्याण्णव आकडे, शेजारी एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. फाइल लिहिणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवलेली मेल परत आली. आकडे कुणी हाताने लिहिलेत की कुठल्या कारखान्यातून आलेत, हे नुसतं बघून सांगता येईना. मागची आवृत्ती दहा मिनिटांत चढवता आली असती. पण ज्याची खात्री नाही ते साफ म्हणून द्यायचं, तर मग नऊ वर्षं कशासाठी घालवली, हे तिला कळेना.

दीडच्या बसने ती निघाली. सिएस्ताची, दुपारच्या झोपेची वेळ, वाचनालयाचं फाटक बंद. सेफेरिनोने आतून कडी काढली. बूट काढून बसला होता.

"झोपमोड करायला आलीस की आशीर्वाद द्यायला?"

"या खोक्याबद्दल तुला काय काय माहितीये ते सांग."

"खडूस आहे. आणि पहिल्या वर्षी त्याला एन्ये यायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे 'वर्ष' म्हणायच्या जागी 'ढुंगण' म्हणायचं. नगराध्यक्षांना साठ ढुंगणं पूर्ण झाली, असं माझ्या कानात. आणि मी हवेवर. दोनदा तर तोंडातून निघून गेलं."

त्यांच्या भाषेत 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि 'आनो' म्हणजे ढुंगण; लिहिताना एन या अक्षराच्या डोक्यावरच्या एका वेलांटीचा फरक, आणि वेलांटीवाला एन म्हणजे एन्ये. ओतिलिया या वेळी हसली, पण थांबलीही. "मग आली कशी?"

"तुकुमानहून मेरकादो नावाचा एक जण आला होता, आपला ट्रान्समीटर दुरुस्त करायला. सबंध दुपार बसला. तो आकडे बदलायचा, मी ऐकायचो. मांजरासारखं येतंय, म्हणायचो. आता सर्दी झाल्यासारखं. बाराव्या खेपेला जमलं. मग त्याने ते कुठेतरी पाठवून दिलं."

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. तक्त्यात प्रत्येक अक्षराची एक ओळ होती, वर्णक्रमाने. एन्येची मात्र सगळ्यांत शेवटी, झेडच्याही खाली. फाइलीच्या इतिहासात त्या ओळीपुढे आठ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि नाव होतं मेरकादो.

डबा असता तर त्यात कुणाला बोट घालता आलं नसतं. इथे एका माणसाने आकडे बदलले होते, दुसऱ्याने कानाने तपासले होते आणि बदल सगळ्यांपर्यंत पोचला होता. ती जे शोधत होती ते मुक्तपण हेच होतं, आणि तिने नुसते आकडे मोजून ते काढून टाकलं होतं.

"घालते परत," ती म्हणाली.

"पाप?"

"माझं. तुझं नाही."

गाभा पुन्हा बांधायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने सगळ्या वापरणाऱ्यांना पत्र लिहिलं: चूक माझी, तीस फाइली न बघता साफ केल्या, एक परत घातली आहे, एकोणतीस हाताने तपासून कळवते. सही केली. सेफेरिनोने कानात नळी घातली, खोक्याकडून तीन वाक्यं ऐकली आणि बूट शोधायला लागला.

पाचला वाचनालय उघडलं. इर्माने सेफेरिनोसाठी उद्याची पहिली बातमी टाइप करून ठेवली: वस्तीत सकाळी दहा ते दोन पाणी नाही. उद्या गुरुवार, बातमीपत्र आठ वाजता, सात मिनिटांचं.