बाबांना न सांगितलेले बिघाड

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. आमची गाडी तेव्हापासून रायपूरला चौबे कॉलोनीत घरासमोर उभी आहे. शेजारचे विचारतात, आता कुठे? मी म्हणते, बघू. निघायचं म्हटलं की वाटेत काहीतरी बिघडणार, आणि बिघडलं की फोन कुणाला करायचा हा प्रश्न येणार.

ही गाडी म्हणजे चाकांवरचं घर. हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही एक जुनी सतरा सीटांची गाडी घेतली आणि शहराबाहेरच्या उरल्याच्या कारखान्यांतल्या एका गाड्यांच्या बॉडीवाल्याकडून आतलं सगळं काढून नवं करून घेतलं. दोन पलंग, शेगडी, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज. नातेवाइकांनी भरपूर नावं ठेवली. या वयात लोक तीर्थाला जातात, नाहीतर पोरांकडे. हे दोघं बंजाऱ्यासारखे कुठे निघाले? खूश झाले ते फक्त माझे बाबा.

बाबा रेल्वेत डब्यांतल्या दिवे-पंख्यांचं काम बघायचे. पस्तीस वर्षं तेच. चालत्या घरात वीज कशी टिकवायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? चौऱ्याऐंशीव्या वर्षी तात्यापाऱ्यातल्या माझ्या भावाच्या घरून रोज ऑटो करून ते उरल्याला जायचे आणि तिथल्या कारागिरांचं डोकं खायचे. अर्ध्या तारा त्यांनी उपटून परत टाकायला लावल्या. कारागीर वैतागले, पण काम पक्कं झालं.

तरी वस्तू बिघडायच्याच. घरातली उपकरणं एका जागी बसायला केलेली असतात. त्यांना रोज शंभर-दीडशे किलोमीटर हादरे दिले की ती कुरकुरणारच. पंप उगाच चालू राहायचा, पंखा घासायचा, फ्रीज मध्येच गप्प व्हायचा. मग मी बाबांना फोन करायची. ते लक्षणं विचारायचे नाहीत. सरळ म्हणायचे, "फोन लाव त्याले."

मी फोन मशीनला टेकवून उभी राहायची. पलीकडे बाबा ऐकायचे. जरा वेळानं म्हणायचे, "खालचा स्क्रू ढिला झाला. डाव्या हाताचा. कस त्याले." आणि खरंच डाव्या हाताचाच असायचा. हे टॉर्च धरून उभे असायचे आणि सासऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार करायचे. एकदा तर पंख्याचा आवाज ऐकून बाबांनी मलाच झापलं, "पुसला काहून नाही? धूळ खाऊन राहिला तो."

दीड वर्ष असं चाललं. बाबांनी फोनवर मला कधी विचारलं नाही की जेवलीस का, गुडघा कसा आहे, करमतं का. त्यांच्या पिढीच्या बापांना लेकीशी बोलायला काहीतरी मध्ये लागायचं. आमच्यामध्ये पंप होता, इन्व्हर्टर होता. अर्धा-अर्धा तास आम्ही बोलायचो, आणि मला तेवढं पुरायचं.

मग त्या उन्हाळ्यात आम्ही रायपूरला परत आलो. तात्यापाऱ्यात भावाचं घर आहे तिथल्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून मोठ्या रस्त्याच्या कडेला लावली. बाबा सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन आले. फ्रीजच्या मागच्या तारा साफ करायच्या म्हणाले. त्यांनी तो बाहेर ओढला, तारा सोडवल्या, घासून लख्ख केल्या आणि परत जोडल्या. "कर चालू," म्हणाले. मी बटण दाबलं आणि जळका वास आला.

लाल तार काळीच्या जागी होती आणि काळी लालच्या. मी आठ वर्षांची असताना टॉर्चचे सेल आणि छोटा बल्ब घेऊन ज्यांनी मला लाल-काळं शिकवलं, त्यांनीच उलटं जोडलं होतं. मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं. ते रुमालानं एकेक बोट पुसत राहिले.

जवळच्या दुकानातून फ्रीजवाला मेकॅनिक आला. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि विचारलं, "उल्टा किसने जोड़ दिया?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मैंने, भैया."

"दीदी, जो काम नहीं आता उसमें हाथ नहीं डालना चाहिए," तो म्हणाला. चांगला माणूस होता, समजुतीनं सांगत होता. बाबा बाजूलाच उभे होते. त्यांनी पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. बापाची लाज राखली म्हणून मी स्वतःवर खूश होते. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही.

फ्रीजचं जळलेलं सर्किटचं कार्ड बदललं आणि दोन दिवसांनी आम्ही निघालो. वाटेत हे म्हणाले, "आता त्यांना त्रास देऊ नकोस. वय झालं." मी लगेच हो म्हणाले. त्रासाचं निमित्त होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की बाबा पुन्हा चुकतील आणि ते मला पुन्हा पाहावं लागेल.

पुढचे आठ महिने बाबांच्या लेखी आमच्या गाडीत काहीच बिघडलं नाही. जबलपूरला पंप गेला, तिथल्या माणसाकडून बदलून घेतला. अमरकंटकला इन्व्हर्टर बंद पडला, दोन दिवस मेणबत्तीवर काढले. फोनवर बाबा विचारायचे, "पंप?" मी म्हणायची, ठीक आहे. "इन्व्हर्टर?" ठीक आहे. "फ्रीज?" तोही ठीक आहे, बाबा. मग मिनिटभरात फोन संपायचा.

एक दिवस आम्ही पचमढीला असताना वहिनीचा फोन आला. "ताई, तुम्ही बाबांना गाडीचं काही विचारत जा न. सकाळी आंघोळ करून चष्मा लावतात अन् फोन हातात घेऊन बसून राहतात. काल म्हणत होते, पोट्टीनं गाडीत सगळं नवीन बसवलं वाटते, माझं काही काम नाही उरलं. जेवण पण कमी झालं त्यांचं."

मी गाडीच्या पायरीवर बसून रडले. हे पाणी घेऊन आले, मी ते बाजूला ठेवलं आणि सरळ बाबांना फोन लावला.

"बाबा, फ्रीज थंड करत नाहीये," मी म्हणाले.

"कधीपासून?" आवाजात एकदम धार आली. मागे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"सकाळपासून."

"दम धर. घाबरू नको. फोन लाव त्याले."

मी आत गेले आणि फोन फ्रीजला टेकवला. फ्रीज उत्तम चालला होता. आत दूध होतं, दही होतं, आदल्या दिवशीची भाजी होती, सगळं गारेगार. खोटं बोलताना निदान बटण तरी बंद करावं, हेही मला सुचलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. पूर्वी एवढा वेळ लागायचा नाही त्यांना. शेवटी फोन कानाला लावला, तेव्हा पलीकडून नुसता श्वास येत होता.

"बाबा?"

"फ्रीज चांगला चालून राहिला," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, पण रागाचा नव्हता. "तुले काय झालं?"

साठ वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. सांगायला केवढं होतं. की मी तुमच्याशी आठ महिने खोटं बोलले. की त्या मेकॅनिकसमोर मी मध्ये पडायला नको होतं, तुमची चूक तुम्हाला कबूल करू द्यायला हवी होती. की मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि मशीन बिघडल्याशिवाय कसं बोलायचं ते मला येत नाही.

"काही नाही, बाबा," मी म्हणाले. "सगळं ठीक आहे."

"हव," ते म्हणाले. "ठेव मग."

पुढच्या आठवड्यात बाबा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा आम्ही घरी यायला निघालो होतो आणि अजून वाटेतच होतो.