पुसलं मी, नाव झालं मालकांचं

कल्याणीच्या बाळाचं अख्खं वरीस माझ्या नवऱ्यानं पुसलं न्हाई.
मी पुसलं.

आज मालकांना, माझ्या नवऱ्याला, जाऊन वरीस झालं. सकाळी जेवायला आलेला एक पाव्हणा बोललाच, "शेवटी शेवटी चुकायला लागले होते. त्या पोरीचे फोटो घालवले."
मी त्याच्या ताटात आणखी एक वडा वाढला. तोंड बंद व्हावं म्हणून.

म्हणून हितं गावच्या ग्रुपवर लिहितीया. हितं कुणाला वाढायला लागत न्हाई.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी. मालक हिंजवडीजवळ नेरे गावात आमच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर रिपेअर करायचे. पाण्याच्या टाकीवरून पडले आणि मानेखाली काय हलंना.
तोंड तेवढं चालू राहिलं. ते आधीपासून जास्तच चालायचं.

मग खाट दुकानातच घातली. ते सांगणार, मी करणार.
दोन वरसं ती एक खोली. ते खाटेला अडकलेले, मी त्यांना. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, मधल्या वेळात लोकांच्या मशीनी.

"अगं हळू. स्क्रू हाय तो, लसूण न्हाई."
"मग उठा अन् तुमीच करा."
लई हसायचे. त्यांना उठा म्हणायची हिंमत दुसरं कुणी करत नव्हतं.

कल्याणी आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं. अमरावतीची, हिंजवडीत कामाला. तिचा कॉम्प्युटर चालूच होईना. आत लेकीचे फोटो, जन्मल्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत. दुसरीकडं कुटंच न्हाईत.

मालक म्हणले, तिची हार्डडिस्क काढून आपल्या मशीनला जोड, आधी फोटो उतरवून घेऊ. आणि शेजारी पेनड्राईव्ह लाव, नवी सिस्टीम टाकायला ती बूटेबल, म्हंजी तिच्यावरनं मशीन चालू होईल अशी, करून ठेवू.
दोन्ही एकदम. घाई त्यांची.

बूटेबल करायच्या आधी पेनड्राईव्ह पूर्ण पुसावी लागते. स्क्रीनवर सगळ्या डिस्कची यादी येते, कुठली पुसायची तो नंबर आपण टाकायचा. एंटर मारलं की मशीन परत विचारत बी न्हाई.

रोज यादीत दोनच ओळी असायच्या, मालक म्हणायचे "एक टाक", मी टाकायचे. त्या दिवशी तीन. मालकांना खाटेवरून स्क्रीन दिसायचा, अक्षर न्हाई.

"पहिली ओळ आपली," ते म्हणले. "तिला लाभ समज. हात लावायचा न्हाई. तिच्या पुढची पेनड्राईव्ह."

आता आमच्यात भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणतात. मग दोन, मग तीन. जन्म गेला तसं मोजण्यात.

मी मोठ्यानं म्हणले, "लाभ... दोन."
आणि दोन टाकलं.

मशीन शून्यापासून मोजतं.
शून्य आमची डिस्क. एक पेनड्राईव्ह. दोन बाळ.

"झालं," मी म्हणले. "पेनड्राईव्ह लई मोठी दाखवतंया ओ."
मालकांनी टाकलेला आकडा मोठ्यानं वाचायला लावला. परत एकदा वाचायला लावला.

मग हळूच म्हणले, "कशाला हात लावू नको. फोटो कुटं ठेवलेत त्याचे पत्ते पुसलेत, फोटो आत हायेत."
रिकव्हरी लावली. चार दिवस मशीन चालू. लाईट जाईल म्हणून मी खोलीतनं हलले न्हाई. कल्याणी रोज कामावरनं आली की बाळ कडेवर घेऊन दारात. "काका, झालं का?"

फोटो आले. बरेचसे.
उष्टावणाचे आले न्हाईत.

मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मालक बोलले, "पोरी, माझ्याकडनं चुकलं. मीच चुकीचा नंबर सांगितला."
"असू द्या काका," म्हणली ती. बाळाला घेऊन वर गेली. परत दुकानात आली न्हाई.

ती गेल्यावर आमी भांडलो.
"खोटं कशाला बोललात?"
"माझं नाव गेलं तर मी कुटं जाणार हाय? तुझं गेलं तर तुझ्या हातात मशीन कोण देईल? मी गेल्यावर हेच करायचंय तुला."
"मी सांगणार."
"मी हाय तोवर न्हाई. शप्पथ घे."
घेतली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून.

मग गिऱ्हाईक तुटत गेलं. मालक दिवसभर पत्र्याकडं बघत पडायचे. कुणी फोटोंचा विषय काढला की म्हणायचे, "व्हय, चुकलो." मी शेजारी बसून ऐकायचे. एका वाक्यात सुटले असते ते. ते वाक्य माझ्याच तोंडात कोंडलेलं.

शप्पथ "मी हाय तोवर"ची होती. मी त्याच्यावर आणखी एक वरीस घाबरले. तेवढं माफ करा.

कल्याणी, तू बदली होऊन गेलीस तरी हे वाचशील. उष्टावण मी पुसलं. काकांनी न्हाई.

सध्या टेबलावर दोघांच्या मशीनी हायेत. ज्याला भ्या वाटतंय त्यानं उद्या येऊन घेऊन जावं. मी आता शून्यापासून मोजतीया.
भात सोडून.

सगळे लिहितात तशी माझी बी श्रद्धांजली, मालक. शप्पथ मोडली म्हणून वरनं ओरडत असाल, ओरडा.
आज उठा म्हणत न्हाई.
निवांत पडा.